एक्केचाळिसावा हिस्सा

घर घेतलं तेव्हा खरेदीखताच्या सातव्या पानावर
विहीर, सेप्टिक टाकी, टपालपेटी यांच्या खाली
एक ओळ होती:
'आणि बंधाऱ्याचा एक्केचाळिसावा हिस्सा.'
वकिलाने ती पुटपुटली, पान उलटलं.
मी सही केली. खिडकीतून तळं दिसत होतं.

पेनसिल्व्हेनियातलं हे तळं देवाने केलेलं नाही.
अठ्ठावन्न साली प्लॉट विकायला निघालेल्या कंपनीने
ओढ्याला आडवी माती टाकली,
मासे सोडले, होड्या सोडल्या,
आणि पुढे स्वतःच बुडाली.
उरली भिंत. चारशे फूट लांब, एकवीस फूट उंच,
गवताळ, लठ्ठ, दुपारच्या म्हशीसारखी.
भागिले एक्केचाळीस:
माझ्या वाट्याला नऊ फूट नऊ इंच.
कुठून कुठवर, ते कोणी सांगत नाही.
आमच्याकडे बांधासाठी डोकी फुटतात.
इथे बांध आहे,
आणि तो कोणालाच नको आहे.

एप्रिलात राज्याची निरीक्षक आली, टीग नावाची,
गुडघाभर बूट, हातात सळई.
तळ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.
मागच्या उतारावरून खाली गेली,
जिथे आम्ही कोणी कधी गेलोच नव्हतो,
गवत पायाने बाजूला केलं. ओलं होतं.
कुठेतरी पाणी मुरतंय, असं मराठीत
आपण माणसांबद्दल म्हणतो.
तिने ते नकाशावर फुली मारून लिहिलं.

पत्र आलं: धोका, उच्च.
मी फोन केला. इतकी वाईट अवस्था आहे?
ती म्हणाली, अवस्थेचा इथे संबंध नाही, मॅडम.
फुटली तर खाली कोण आहे,
एवढंच त्यात मोजतात.

खाली ऑर्व्हिल डेंचचं गवतयंत्रं दुरुस्तीचं दुकान आहे.
चाकांवरची तीन घरं. शाळेची बस वळते ती जागा.
त्यांच्या कुणाच्या खतात हिस्सा नाही.
त्यांच्याकडे फक्त पाणी येईल.

अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये सभा.
माणशी अकरा हजार चारशे डॉलर.
कून्स म्हणाला, मला पोहता येत नाही, मी का देऊ?
कोणी म्हणालं, एका डॉलरला गावाला विकून टाका.
गाव म्हणालं, फुकटही नको.
लॉर्ना ऱ्हाबोव्स्की शेवटच्या खुर्चीत गप्प.
भिंतीवरची विलो तिची.
तिच्याखाली नवऱ्याची राख.
टीगच्या यादीत पाचवा मुद्दा: झाडं काढणे.
झाड मेलं की मुळं कुजतात,
आणि त्यांच्या जागी पाण्याला वाट होते.
मतं पडली. पैशाचं पुढच्या सभेवर गेलं,
तळं चार फूट उतरवायचं, एवढंच ठरलं.
निघताना लॉर्ना माझ्याजवळ थांबली.
"मुळं काढतील तेव्हा मला बोलवा," म्हणाली,
"घाईने काढू देऊ नका."

पाणी उतरलं. धक्के चिखलात उघडे पडले,
लांब पायांचे, लाजल्यासारखे.
एक वल्हं निघालं, एक चष्मा,
आणि कून्सची ती हरवलेली होडी, जी म्हणे चोरीला गेली होती,
ज्याचे त्याने विम्याचे पैसेही घेतले होते.

रोज सकाळी मी मागच्या उतारावरून खाली जाते.
लिंबाच्या लोणच्याची जुनी बरणी
त्या ओल्या जागी टेकवते, भरेपर्यंत उभी राहते.
टीगने सांगितलं होतं:
नितळ पाणी झिरपतं, झिरपू द्या.
गढूळ आलं तर ते एकटं येत नाही,
भिंत सोबत घेऊन येतं.
बरणी मी उजेडाकडे धरते.
पलीकडे ऑर्व्हिल शटर वर करता करता थांबतो,
नुसती मान उडवून विचारतो.
मी बरणी हलवते. तो आत जातो.
दोन महिने आमचं एवढंच बोलणं.

आज तळाशी काहीतरी होतं.
बारीक, पिवळसर. मीठ असेल, हळद असेल,
लोणच्याची बरणी कितीही धुतली तरी.
ऑर्व्हिल बघत होता.
मी ती ओतून टाकली, तीनदा विसळली,
आणि पुन्हा टेकवली.